झीलकरी

आमच्या सोसायटीत आमच्या ह्यांना 'झीलकरी' म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. कीर्तनात बुवांच्या मागे उभे राहून त्यांचीच ओळ पुन्हा म्हणणारे असतात ना, ते झीलकरी. नाव ठेवणाऱ्याचा मला राग आला, पण ते खोडून काढता येईना. समोरच्याने काही म्हटलं की आमचे हे त्याचं वाक्य उचलून परत म्हणायचेच. वॉचमन म्हणायचा, "काका, उद्या पाणी नाय हां," की हे लगेच, "उद्या पाणी नाही. बरं, बरं." भाजीवाली म्हणायची मेथी संपली, की हे माझ्याकडे वळून, "मेथी संपली म्हणते." कुरियरवाला बोलला, बँकेत काचेमागची मुलगी बोलली, देवळात गुरुजींनी आरतीची वेळ सांगितली, सगळ्यांच्या मागे ह्यांची झील. टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा आमच्या घरात दोनदा व्हायच्या.

"अहो, मला कान आहेत," मी डाफरायचे. हे हसायचे आणि पुढच्या वाक्याला परत तेच.

आणि कानांचं मला कुणी सांगू नये. माझी सगळी नोकरी कानांवर झाली. भांडुपच्या एका कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते. कुठल्याही खात्याला बाहेरची लाइन हवी असली की ती माझ्या बोर्डावरूनच जायची. नुसतं "हॅलो" ऐकलं की कोण बोलतंय, कुठल्या खात्यातून बोलतंय आणि आज घरी भांडून आलंय की नाही, एवढं मला कळायचं. परगावच्या लाइनींना तेव्हा अशी खरखर असायची की वाक्यातले निम्मे शब्द पोचायचेच नाहीत. मला काम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "सगळं ऐकू येईल म्हणून बसू नकोस. दोन शब्द पकड आणि मधले आपले आपण भर. माणसं रोज तेच तेच बोलतात." दुसरी गोष्ट त्यांनी बजावली ती अशी, की निरोप जसा आला तसा पुढे द्यायचा. त्यातलं काही काढायचं नाही आणि त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही. दोन्ही गोष्टी मी रिटायर होईपर्यंत पाळल्या.

ह्यांची माझी ओळखही आधी आवाजाचीच. स्टोअर्समधून फोन यायचा आणि एक भरदार, खालच्या पट्टीतला, अजिबात घाई नसलेला आवाज म्हणायचा, "जरा ठाण्याची लाइन द्याल का?" बाकीचे नुसते "ठाणे!" म्हणून ओरडायचे. मी मुद्दाम लाइन उशिरा लावायचे, म्हणजे तो आवाज परत एकदा विचारील. मग एक दिवस तो आवाज ज्याचा होता तो माणूस कँटीनमध्ये पाहिला आणि माझा विरसच झाला. हाडकुळा, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल. एवढ्याशा छातीत तो आवाज मावतो तरी कसा, हे मला कळेना. पण लग्न मी आवाजाशी केलं, असं मी अजूनही सगळ्यांना सांगते.

रिटायर झाल्यावर मी फोनला हात लावायचं सोडलं. "जन्मभर मी उचलला, आता तुम्ही उचला," असं ह्यांना सांगितलं आणि ते निमूट उचलू लागले. घरी चार माणसं आली की मी स्वयंपाकघरात रमायचे. हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, असं माझं ठाम मत होतं. माझ्या वयाच्या सगळ्या बायकांचं तेच मत असल्यामुळे ते तपासून बघायची वेळ कधी आली नाही.

मग ती सभा झाली. मुलुंडला आमची तीन मजली जुनी बिल्डिंग आहे, लिफ्ट नसलेली, आणि आम्ही अगदी वर, तिसऱ्या मजल्यावर. आजूबाजूच्या सोसायट्या पाडून टॉवर झाले तसा आमच्याकडेही बिल्डरचा माणूस आला. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, माइक लावला, दोन मोठे पंखे घोंघावत ठेवले. तो माणूस एक वाक्य बोलायचा आणि माझ्या कानाशी ह्यांची झील सुरू व्हायची. "दोन वर्षं बाहेर राहायचं म्हणतो. भाडं तेच देणार. लिफ्ट दोन असतील." पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. चेअरमन माइकवरून काहीतरी बोलला, सगळे हसले आणि हे एकदम गप्प झाले. तो "काका, तो एको बंद करा ना यार!" असं म्हणाला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त हसणारी तोंडं दिसली.

ती तोंडं बघून माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "आम्हाला बिल्डिंग पाडायची नाही. लिफ्टचं आमिष आम्हाला दाखवू नका. आमचे हे पंचाहत्तरीला टेकले, रोज तीन जिने चढतात, आणि एक दिवस त्यांना धाप लागलेली मी ऐकलेली नाही!"

मग मागून कुणीतरी काहीतरी बोललं आणि काही बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच ह्यांनी झील ओढली नाही. खाली मान घालून बसले होते. बायकोचं बोलणं ऐकून संकोचले असतील, असं मला वाटलं. मी खुशीत खाली बसले.

पुढच्या रविवारी चेंबूरहून लेक आली. आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींनी तिला फोन करून सभेचं सांगितलं होतं. लेक बालवाडीत शिकवते. माझ्याशी बोलतानाही ती समोर बसते, सावकाश बोलते, तोंड नीट उघडते. मला वाटायचं, बालवाडीची सवय. तिने स्वयंपाकघराचं दार लावलं आणि मला स्टुलावर बसवलं.

"आई, बाबा सगळ्यांचं बोलणं परत म्हणत बसतो. लोक त्याला झीलकरी म्हणतात. तुझ्या लक्षात येतंय ना?"

"खोड आहे ती ह्यांची."

"खोड नाही गं. मोठ्या काकाचं आठवतं ना, कसं सुरू झालं ते?"

तिचे मोठे काका म्हणजे माझे थोरले दीर. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यापासून त्यांचं सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ते जाऊबाईंकडे बोट दाखवून "ह्या बाई कोण?" म्हणून विचारायचे, आणि जाऊबाई दर वेळी पदर सावरून आपलं नाव सांगायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. हे मला विसरतील? ज्या आवाजाने मला ठाण्याची लाइन मागितली, तोच आवाज एक दिवस मला "आपण कोण?" म्हणून विचारील? भाजी करपल्याचा वास लेकीला आला, मला आला नाही.

त्यानंतर मी ह्यांच्यावर डाफरायचं बंद केलं. त्यांनी झील ओढली की मी मनात देवाचं नाव घ्यायचे. किल्ल्या ठेवल्या जागी आहेत का, नातेवाइकांची नावं बरोबर घेतायत का, याच्यावर माझी नजर. हे बिचारे नेहमीसारखेच होते. मीच उगाच त्यांच्या पानात साजूक तूप जास्त वाढत होते.

मुलुंडमधल्याच एका मेंदूच्या डॉक्टरांकडे लेकीने नंबर लावला. ह्यांना आम्ही "नुसतं चेकअप" असं सांगितलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. डॉक्टर तरुण होते. सर्दी झाली म्हणून त्यांनी मास्क लावला होता आणि डोक्यावर एसी घरघरत होता. त्यांनी ह्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. दर प्रश्नाला हे आधी माझ्याकडे वळायचे, प्रश्न परत म्हणायचे आणि मग उत्तर द्यायचे. "आज वार कुठला विचारतायत. गुरुवार." "राहायला कुठे विचारतायत. इथेच, मुलुंडला." लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. मी पर्स पोटाशी घट्ट धरून बसले होते.

मग डॉक्टरांनी खूण केली आणि त्यांच्या मदतनीस बाई ह्यांना शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे घड्याळाचं चित्र काढायला लावतात, काही शब्द लक्षात ठेवायला सांगतात, तसली परीक्षा होती. दार बंद झालं. डॉक्टर माझ्याकडे वळले, मास्क जरासा हलला.

मी लगेच उत्तर दिलं. "सकाळी दोन पोळ्या, भाजी, ताक. रात्री मऊ भात. गोड फार देत नाही."

डॉक्टर थांबले. त्यांच्या भुवया वर गेल्या, मास्क परत हलला.

"झोप छान लागते," मी म्हणाले. "दुपारची एक डुलकी असतेच."

लेक माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी भर सभेत काही अभद्र बोलले. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला, खुर्ची पुढे सरकवली. "आजी, मी तुम्हाला आत्ता काय विचारलं?"

"जेवण आणि झोप. डॉक्टर लोक दुसरं काय विचारणार?"

"आई," लेक म्हणाली, "बाबा कधीपासून असं करतो, ते विचारलं त्यांनी. दोनदा विचारलं."

"तोंडाला फडकं बांधून पुटपुटल्यावर कुणाला कळणार?"

"मला कळलं गं."

डॉक्टर उठले आणि माझ्या मागे गेले. आता पाठ तपासतील म्हणून मी ताठ बसले. मागे आवाज येत होता. भिंतीपलीकडच्या ब्लॉकमध्ये कुणी बोलावं तसा. पुरुष आहे, प्रश्न विचारतोय, एवढं कळत होतं आणि शब्द एकही कळत नव्हता. मी बोर्डावरची जुनी युक्ती लावली, दोन शब्द पकडायचे. पकडायला काही नव्हतंच. समोर लेक बसली होती. तिने हळूहळू आपल्या तोंडावर हात ठेवला. तिचा चेहरा बघून मला कळलं, की हा माणूस माझ्याशीच बोलतोय, चांगला मोठ्याने बोलतोय, आणि मी मख्खासारखी समोर बघत बसले आहे.

मी हादरले. पायाखालची जमीन सरकली, असं आपण उठसूट म्हणतो. त्या खुर्चीत मी खरोखरच पाय फरशीवर दाबून धरले होते.

दार उघडलं आणि हे आत आले, बक्षीस मिळवून आलेल्या पोरासारखे. मदतनीस बाईंनी कागद डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टर माझ्यासमोर येऊन बसले, मास्क तसाच खाली.

"काका, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय. मग लोकांचं बोलणं परत का म्हणता?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीच्या तोंडावरच्या हाताकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखी त्यांची मान खाली गेली.

"हिला ऐकू येत नाही ना," ते म्हणाले. "माझं तेवढं येतं."

हे वाक्य मला लख्ख ऐकू आलं. हे मला विसरणार नव्हते. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, तो उतरला हे मला कळलंही, आणि त्याच दमात मला एवढा संताप आला की मी तिथून उठून थेट रस्त्यावर आले. रिक्षात आम्ही तिघं एकमेकांना चिकटून बसलो होतो. लेक काहीतरी बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. रिक्षाच्या फटफटीत तिचा एक शब्द माझ्यापर्यंत आला नाही. ह्यांनी सवयीने माझ्याकडे तोंड वळवलं आणि मग मिटून घेतलं. आज झील ओढायची की नाही, ते त्यांना कळत नव्हतं.

घरी आल्यावर मी ह्यांना समोरच्या खुर्चीत बसवलं.

"कधीपासून?"

"हिच्या लग्नाच्या आधीपासून," ते लेकीकडे बघून म्हणाले.

लेकीच्या लग्नात हे दिवसभर माझ्या बाजूला चिकटून उभे होते. व्याही काही बोलले की परत म्हणायचे, आचारी काही बोलला की परत म्हणायचे. बायका मला म्हणाल्या होत्या, "बाई, नवरा किती गुंतलाय तुझ्यात!" मी लाजलेसुद्धा होते.

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं की एकदा. तू भांडी आपटलीस. म्हणालीस, ऑपरेटरला बहिरी म्हणता? मग म्हटलं, जाऊ दे. मीच सांगत जातो."

"सगळं सांगायचात?"

यावर ते उठले आणि पेल्यात पाणी घेऊन आले. मला शंका आली. माझी मोठी नणंद एके काळी जिभेने माणूस सोलायची. गेल्या काही वर्षांत तिचा स्वभाव फार निवळला होता. येते, चहा पिते, गोड हसते, दोन बऱ्या गोष्टी बोलते. मी सगळ्यांना तिचं उदाहरण द्यायचे, की म्हातारपणी माणूस सुधारतो. गेल्या दिवाळीला मी तिला चांगली साडीसुद्धा नेसवली होती.

"तुमची बहीण," मी म्हणाले. "ती सुधारली ना?"

ह्यांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला. "साडीलाही नावंच ठेवली तिने. पण ते मी नाही सांगितलं."

लेकीला हसू आवरेना. ती पोट धरून हसत होती आणि मी थिजले होते. मग ही नणंद जी मला भेटायची ती कोण होती? शेजारीपाजारी, व्याही, हा सगळा समजूतदार गोतावळा कुणाचा होता? सगळी माणसं ह्यांच्या तोंडून माझ्यापर्यंत येत होती, धुऊन पुसून, निवडून.

"निरोपातलं काही काढायचं नसतं!" मी ओरडले. "आमच्या बोर्डावर असं केलं असतं तर नोकरी गेली असती!"

"लागण्यासारखं तेवढंच काढलं," हे म्हणाले. "बाकी जसंच्या तसं."

मी त्या दिवशी ह्यांच्याशी बोलले नाही. पण मी बोलले नाही म्हणजे घरात कुणीच बोललं नाही, आणि जगात मला एकच माणूस ऐकू येतो हे ध्यानात आल्यावर अबोला धरायचीसुद्धा भीती वाटली. हा माणूस उद्या नसला तर? आजवर ही भीती कधी आली की मी ती जागेची, पेन्शनची, एकटीच्या जेवणाची म्हणून घेत होते. आता तिचा अर्थ कळला. हे गेले की सगळं जगच भिंतीपलीकडच्या ब्लॉकमध्ये जाऊन बसणार होतं.

लेक मला कान तपासायला घेऊन गेली. जाड गाद्यांच्या भिंती असलेल्या खोलीत एका मुलीने माझ्या कानांवर हेडफोन चढवले. आयुष्यभर ज्या वस्तूवर मी पोट भरलं तीच आता परीक्षा घ्यायला कानावर बसली. आधी बारीक टूं टूं. मग सुटे सुटे शब्द, ते ऐकून परत म्हणायचे. वाक्य नाही, आगापिछा नाही. मी धडाधड उत्तरं दिली, एकदाही अडखळले नाही. बाहेर आल्यावर मुलीने सांगितलं, निम्म्याहून जास्त चुकली. माझा विश्वास बसेना. मी अंदाज करत नव्हते हो, मला ते शब्द ऐकू आले होते!

"तसंच असतं आजी," ती समोर बसून सावकाश म्हणाली. "वयाबरोबर आधी बारीक, टोकदार आवाज जातात. स, श, त, क असे. जाडे आवाज राहतात. म्हणून कुणी बोलतंय ते कळतं, पण काय बोलतंय ते निसटतं. ओरडूनही फार फायदा नाही. मधल्या जागा मेंदू आपल्या मनाने भरून टाकतो. तुमचा तर फारच पटाईत आहे."

"आणि ह्यांचं बोलणं कसं कळतं?"

"आजोबांचा आवाज तुम्हाला पाठ आहे ना. थोडं कान ऐकतात, बाकीचं मेंदू आठवणीतून काढतो."

आठवणीतून काढतो, हे ऐकून मी तेव्हा नुसती मान हलवली. त्याचा अर्थ कळायला यंत्र कानात बसावं लागलं.

ज्या दिवशी यंत्रं मिळाली त्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. मुलीने दोन्ही कानांत ती बसवली, कॉम्प्युटरवर काहीतरी केलं, आणि माझ्या बांगड्या वाजल्या. मी दचकून हाताकडे पाहिलं. कागद कडकडला. बाहेर कुठेतरी रिक्षाचा हॉर्न इतका जवळ वाजला की मी पाय आत घेतले. सगळ्या आवाजांना टोकं आली होती.

तेवढ्यात माझ्या मागे एक म्हातारा बोलला. "काय गं, येतंय का ऐकायला?"

पातळ, चिरका आवाज. शब्दाच्या शेवटाला कापरा. "येतंय" नंतर मधेच थांबून त्याने श्वास घेतला. खोलीत दुसरा कोण पेशंट आला आणि मला अगं-तुगं काय करतो, म्हणून मी वळले.

मागे हेच उभे होते. दुसरं कुणी नव्हतं.

"परत बोला," मी म्हणाले.

"काय बोलू?" त्याच म्हाताऱ्याचा आवाज, आणि ओठ ह्यांचे हलले.

मी त्या मुलीला विचारलं, यंत्राने माणसांचे आवाज बदलतात का? ती म्हणाली, सुरुवातीला जरा पत्र्यासारखे वाटतात. मी लेकीकडे वळले. "बाबाचा आवाज असा आहे?"

"आई," लेक बिचकत म्हणाली, "किती वर्षं झाली. असाच आहे."

म्हणजे आजवर घरात माझ्याशी जो बोलत होता, तो स्टोअर्समधला तरुण होता. पंचाहत्तरीच्या ह्यांच्या तोंडून दोन शब्द पकडायचे आणि बाकीचा सगळा माणूस मी माझ्या आठवणीतून भरत होते. भांडले त्याच्याशी, अबोला धरला त्याच्याशी. हा म्हातारा मला आजच भेटत होता, आणि ज्याच्याशी लग्न केलं तो आवाज कधी गेला ते मला कळलंसुद्धा नव्हतं. तिथे सगळ्यांसमोर मी रडले. हे माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "यंत्र टोचतं म्हणते," आणि मुलगी घाईघाईने माझा कान बघायला लागली. टोचतं असं मी म्हणाले नव्हते. तो निरोपही ह्यांनी बदललाच.

लेक स्टेशनवरून परस्पर चेंबूरला गेली. आम्ही दोघं घरी आलो. जिना मी नेहमी पुढे चढते, हे पिशवी घेऊन मागून येतात. मधल्या वळणांवर ते रेंगाळतात. कधी पिशवीचा बंद सरळ करतात, कधी दुसऱ्या मजल्यावरच्या कुंडीतली तुळस बघत उभे राहतात. रेंगाळायची सवयच आहे त्यांना, असं मी समजून होते.

पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. माझ्या साडीच्या निऱ्या सळसळत होत्या. आणि मागून दुसरा एक आवाज येत होता. स्टोव्हला पंप मारताना येतो तसा, कोरडा, घरघरता, एकापाठोपाठ एक. कुणाचं काय चाललंय म्हणून मी थांबले. तो आवाज पायऱ्यांवरून वर येत होता. वळणापाशी येऊन थांबला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. हे पिशवीचा बंद सरळ करत होते. बंद सरळच होता. ती एवढीशी छाती शर्टाखाली वरखाली होत होती आणि सगळा जिना त्या आवाजाने भरला होता.

मला पार्किंगमधली सभा आठवली, माझं ते ठणकावून बोलणं आठवलं आणि पदराआडच्या बायका आठवल्या.

"अहो," मी म्हणाले, "त्या दिवशी मी धापेचं बोलले, तेव्हा मागून कोण काय म्हणालं होतं?"

"जाऊ दे ना आता."

"जसं म्हणाले तसं सांगा. काही काढायचं नाही."

ह्यांनी कठडा धरला. दोन श्वास घेतले. ते दोन्ही मी ऐकले.

"म्हणाला," ते त्या पातळ आवाजात म्हणाले, "काकी, सगळ्या बिल्डिंगला काकांची... धाप ऐकू येते. तुम्हालाच कशी येत नाही?"

दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. तो आवाज माझ्या पाठोपाठ होता. कानातली यंत्रं काढून पर्समध्ये टाकावीत, असं मला एकदा वाटलं. मग परत ते तरुण झाले असते आणि आम्ही सरळ वर गेलो असतो. तुळशीच्या कुंडीपाशी ते मागे थांबायच्या आधीच मी पायरीवर बसकण मारली.

"काय गं? काय झालं?"

"गुडघे दुखतायत माझे. जरा बसू." माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"गुडघे दुखतायत," ते म्हणाले. "बरं, बरं." पिशवी बाजूला ठेवून ते माझ्या शेजारी टेकले, आणि त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत मी ऐकत राहिले.